तेरा सामने, तेरा विजय. तरीही विजेतेपद नाही

अमेरिकेतील बॉइसी स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने २००६ च्या हंगामात एकही सामना गमावला नाही. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत त्या वर्षी ११९ संघ होते आणि हंगामाच्या अखेरीस अपराजित राहिलेला हा एकमेव संघ ठरला. तथापि राष्ट्रीय विजेतेपदाचा मान मिळाला तो एक सामना हरलेल्या फ्लोरिडा विद्यापीठाला. असे का घडले, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील या खेळाची रचना पाहावी लागते.

खेळ कोणता?

अमेरिकेत 'फुटबॉल' म्हणजे आपल्याकडे पायाने खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावत किंवा फेकून पुढे न्यायचा, असा हा खेळ आहे. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. ते साधले नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. शंभर यार्ड लांबीच्या मैदानाची शेवटची रेषा चेंडूसह ओलांडली की 'टचडाउन', म्हणजे सहा गुण. त्यानंतर चेंडू खांबांमधून लाथाडून आणखी एक गुण घेता येतो. किंवा धोका पत्करून पुन्हा एकदा रेषा ओलांडली तर दोन गुण मिळतात. हा शेवटचा नियम पुढील हकिगतीत महत्त्वाचा आहे.

छोट्या शहराचा संघ

बॉइसी ही वायव्य अमेरिकेतील आयडाहो राज्याची राजधानी. तेथील विद्यापीठाची सुरुवात १९३२ मध्ये दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे कनिष्ठ महाविद्यालय म्हणून झाली. फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत या संघाला प्रवेश मिळाला तो १९९६ मध्ये. तोवर त्याची ओळख मुख्यतः मैदानाच्या रंगामुळे होती. १९८६ पासून तेथील कृत्रिम हिरवळ हिरवी नसून चक्क निळी आहे!

२००६ मध्ये ख्रिस पीटरसन यांनी मुख्य प्रशिक्षकपदाची सूत्रे प्रथमच हाती घेतली. जॅरेड झब्रान्स्की हा चेंडू फेकणारा 'क्वार्टरबॅक' आणि इयान जॉन्सन हा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू हे संघाचे आधारस्तंभ होते. ऑरेगन स्टेटवर ४२-१४ आणि युटावर ३६-३ असे मोठे विजय या संघाने मिळवले, तर हवाईविरुद्ध ४१-३४ अशी झुंज द्यावी लागली. नियमित हंगामातील बाराही सामने जिंकल्यावर प्रश्न उभा राहिला: आता पुढे काय?

क्रमवारीचे गणित

त्या काळी या खेळात बाद फेरी नव्हती. १९९८ पासून 'बाउल चॅम्पियनशिप सिरीज' ही पद्धत अमलात होती. प्रशिक्षकांची मते, जाणकारांच्या मंडळाची मते आणि संगणकांनी काढलेल्या क्रमवारीची सरासरी अशा तीन घटकांना समान महत्त्व देऊन एक यादी तयार होई. यादीतील पहिले दोन संघ विजेतेपदासाठी खेळत. इतर मोठ्या संघांसाठी आणखी चार मानाचे सामने असत.

संघ निरनिराळ्या विभागीय संघटनांत वाटलेले होते. सहा मोठ्या संघटनांच्या विजेत्यांना या सामन्यांत थेट प्रवेश मिळे. बॉइसी स्टेट मात्र लहान संघटनेत खेळत असे. अशा संघटनेचा विजेता क्रमवारीत पहिल्या बारांत आला तर त्याला हमखास जागा मिळावी, असा नियम २००६ मध्ये लागू झाला. बॉइसी स्टेट आठव्या क्रमांकावर होता, म्हणून मानाच्या सामन्याचे दार उघडले, विजेतेपदाचे नाही.

प्रतिस्पर्धी दुर्बळ होते, हा या संघावरील मुख्य आक्षेप. परंतु बलाढ्य संघटनांतील संघ आपले बहुतेक सामने आपसातच खेळत. लहान संघाने स्वतःला सिद्ध करायचे तर कोणाविरुद्ध, हा पेच कायम राहत असे. त्यात पैशाचाही भाग होता, कारण मानाच्या सामन्यांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा मोठ्या संघटनांकडेच जाई.

भारतीय वाचकाला रणजी करंडकाचे उदाहरण आठवेल. २०१०-११ मध्ये राजस्थानचा संघ 'प्लेट' या खालच्या गटातून पुढे आला आणि अंतिम फेरीत बडोद्याला मागे टाकून थेट करंडकाचा मानकरी ठरला. तेथे वर जाण्याची वाट नियमांतच होती. बॉइसी स्टेटसाठी अशी वाटच नव्हती.

एक जानेवारीची रात्र

१ जानेवारी २००७ रोजी ॲरिझोनातील ग्लेनडेल येथे 'फिएस्टा बाउल' सामन्यात बॉइसी स्टेटची गाठ ओक्लाहोमा या नामांकित संघाशी पडली. तिसऱ्या सत्रात बॉइसीकडे २८-१० अशी आघाडी होती. ओक्लाहोमाने ती भरून काढली आणि अखेरचे मिनिट उरले असताना झब्रान्स्कीने फेकलेला चेंडू मध्येच अडवून ३५-२८ अशी आघाडीही घेतली.

बॉइसीकडे चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न उरला होता. १८ यार्ड हवे होते आणि १८ सेकंद शिल्लक होते. झब्रान्स्कीने चेंडू ड्रिसन जेम्सकडे फेकला. बचावपटू त्याच्याकडे धावताच त्याने तो उलट दिशेने पळणाऱ्या जेरार्ड रॅबच्या हाती सोपवला आणि रॅबने थेट रेषा गाठली. सात सेकंद राहिले असताना ३५-३५ अशी बरोबरी झाली.

जादा डावात ओक्लाहोमाने पहिल्याच प्रयत्नात टचडाउन केले. बॉइसीनेही उत्तर दिले. गुण झाले ४२-४१. आता एक गुण घेऊन बरोबरी साधणे सोपे होते. पीटरसन यांनी दोन गुणांचा धोका पत्करला. हा प्रयत्न फसला असता तर सामना तेथेच हातचा गेला असता. झब्रान्स्कीने उजव्या हाताने चेंडू फेकण्याचा आविर्भाव केला आणि डाव्या हाताने तो पाठीमागून जॉन्सनच्या हवाली केला. बचाव एकीकडे, जॉन्सन दुसरीकडे. बॉइसी स्टेट ४३, ओक्लाहोमा ४२. सामना संपताच जॉन्सनने दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर गुडघा टेकून आपल्या मैत्रिणीला लग्नाची मागणी घातली आणि तिने होकार दिला.

आठवडाभराने फ्लोरिडाने ओहायो स्टेटचा ४१-१४ असा पराभव करून विजेतेपद पटकावले. पत्रकारांच्या अंतिम मतदानात बॉइसी स्टेट पाचवा आला. ६५ मतदारांपैकी एकाने मात्र त्याला पहिली पसंती दिली.

त्यानंतर

२००९ च्या हंगामात बॉइसी स्टेटने चौदाही सामने जिंकले. विजेतेपद तेव्हाही दूरच राहिले. या पद्धतीवरील टीका वाढत गेली, अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढेही तिची चर्चा झाली. २०१४ पासून चार संघांची बाद फेरी आली आणि २०२४ मध्ये ती बारा संघांची झाली. नव्या रचनेच्या पहिल्याच वर्षी बॉइसी स्टेटला तिसरे मानांकन मिळाले. उपांत्यपूर्व सामना झाला तो ग्लेनडेलच्या त्याच मैदानावर. तेथे पेन स्टेटने त्याला ३१-१४ असे हरवले.

पराभव स्पष्ट होता. परंतु या वेळी विजेतेपदाच्या वाटेवर बॉइसी स्टेटला अडवले ते मैदानातील अकरा खेळाडूंनी; मतपत्रिकेने किंवा संगणकाने नव्हे. २००६ च्या खेळाडूंना नेमकी तेवढीच संधी हवी होती.