हेल्मेटच्या आतलं धुकं

जुलैमधल्या एखाद्या संध्याकाळी, साडेसहाच्या सुमाराला नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे किंवा सीबीडी बेलापूरमधल्या कुठल्याही ऑफिस इमारतीच्या पार्किंगमध्ये उभं राहून पाहावं. लिफ्टमधून रेनकोट घातलेली माणसं बाहेर पडतात. दिवसभर टेबलाखाली ठेवलेलं हेल्मेट डोक्यावर चढवतात, काच खाली ओढतात आणि लगेच वर करतात. गाडी अजून सुरू झालेली नसते, अंगावर पावसाचा थेंब पडलेला नसतो, तरी काच पांढरी पडलेली असते. रुमालाने पुसली तरी पुन्हा पांढरी. मग काच अर्धी वर ठेवून, डोळे किलकिले करत मंडळी ठाणे-बेलापूर रोडच्या पावसात शिरतात. काही जण हेल्मेट सरळ आरशाला अडकवतात. विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘अहो, त्यातून काही दिसतच नाही!’

ही तक्रार खरी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट सक्तीचं आहे. ते न घालणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर एक हजार रुपये दंड होतो आणि तीन महिन्यांसाठी लायसन्स निलंबित होऊ शकतं. पण डोकं वाचवणारी ही वस्तू पावसात डोळ्यांवर पडदा ओढत असेल, तर माणूस ती काढणारच. म्हणून काचेवर वाफ का धरते हे आधी नीट समजून घ्यायला हवं. कारण कळलं की उपाय बहुतेक वेळा घरातल्या सिंकजवळच सापडतो.

थंडी नाही, तरी वाफ का?

या विषयावरचे बहुतेक सल्ले थंड देशांतून आलेले असतात. बाहेर गोठवणारी हवा, आत गरम श्वास, त्यामुळे वाफ. म्हणून व्हेंट उघडा, कोरडी हवा आत येऊ द्या, असं ते सांगतात. नवी मुंबईत पावसाळ्यात थंडीही नसते आणि कोरडी हवाही नसते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिक आणि खारघरचे डोंगर आणि मधल्या पट्टीत कोंडलेला दमटपणा. इथलं गणित वेगळं आहे.

हवेत किती बाष्प मावेल हे तापमानावर ठरतं. २५ अंश सेल्सियसच्या एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम बाष्प मावतं, ३० अंशांना ३० ग्रॅम आणि ३४ अंशांना ३७ ग्रॅमच्या वर. हवा थंड झाली की जे मावत नाही ते पाणी होऊन बाहेर पडतं. ज्या तापमानाला हे सुरू होतं त्याला दवबिंदू म्हणतात. भर पावसात तापमान २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू २५ अंशांच्या जवळ येतो. म्हणजे त्याहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर नुसत्या हवेतलं पाणीच जमणार.

आता टेबलाखालचं हेल्मेट आठवा. एसी २३ वर असेल तर काचही २३ अंशांची झालेली असते. ती पार्किंगच्या दमट हवेत आली की फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखा तिला घाम फुटतो आणि तोही आतून-बाहेरून. ही वाफ पुसण्यात अर्थ नसतो, कारण काच थंड आहे तोवर ती पुन्हा धरणारच. काच पातळ असते, चार-पाच मिनिटांत बाहेरच्या हवेइतकी गरम होते आणि वाफ आपोआप उडते. हेल्मेट एसीत न नेता गाडीच्या डिकीत किंवा हेल्मेट लॉकला ठेवलं, तर हा पहिला प्रश्न उद्भवतच नाही.

दोन थेंबांचा खेळ

दुसरी वाफ आपल्या श्वासाची. नाकातून बाहेर पडणारी हवा साधारण ३४ अंशांची आणि बाष्पाने जवळजवळ भरलेली असते. पाऊस झेलणारी काच २६ अंशांच्या आसपास असते. या दोन तापमानांतला फरक म्हणजे एक लिटर श्वासामागे सुमारे १३ मिलिग्रॅम जास्तीचं पाणी. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण १५ श्वास घेतो, प्रत्येक अर्ध्या लिटरचा. सगळा श्वास काचेवरच आदळला असं धरलं, तर मिनिटाला १०० मिलिग्रॅम पाणी. म्हणजे जेमतेम दोन थेंब.

हे दोन थेंब काचेच्या तीनशेएक चौरस सेंटीमीटरवर सारखे पसरले, तर पाण्याचा थर तीन मायक्रॉनचा होईल. डोक्याच्या केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीसाव्या हिश्श्याइतका. एवढ्या पातळ, सपाट थरातून स्वच्छ दिसतं. पाणी आहे हे कळणारही नाही. अडचण अशी की पाणी प्लॅस्टिकवर पसरत नाही. पृष्ठताणामुळे ते असंख्य सूक्ष्म गोळ्यांमध्ये जमा होतं आणि प्रत्येक गोळी प्रकाश वेगवेगळ्या दिशांना फेकते. त्यामुळे दिवसा काच पांढरी दिसते आणि रात्री समोरच्या ट्रकच्या दिव्याभोवती भलंमोठं कडं पडतं. काचेवर बोटांचे ठसे किंवा तुर्भ्याच्या एपीएमसीकडे जाणाऱ्या ट्रकांच्या धुराचा तेलकट थर असेल, तर या गोळ्या धरायला आणखी सोपं जातं.

थोडक्यात, काचेवर पाणी येऊ न देणं हा एक मार्ग झाला. आलेल्या पाण्याला गोळ्या करू न देणं हा दुसरा. दुसरा मार्ग जास्त स्वस्त आहे आणि इथल्या दमट हवेत जास्त भरवशाचाही.

अंतराळवीराचं नाक आणि तारकर्लीची थुंकी

हा प्रश्न फक्त स्कूटरवाल्यांचा नाही. ५ जून १९६६ रोजी ‘जेमिनी ९-ए’ मोहिमेत युजीन सर्नन यानाबाहेर पडले. अवजड पोशाखात हालचाली करताना ते इतके घामाघूम झाले की शिरस्त्राणाची काच आतून पार धुरकटली. हात आत जाणार कसा? त्यांनी नाकाच्या शेंड्याने काच घासून बाहेर बघण्यापुरती जागा केली. पाठीला लावायच्या उड्डाणयंत्राची चाचणी सोडून द्यावी लागली. त्यानंतर ‘नासा’ने काचेला आतून लावायचं जे मिश्रण तयार केलं, त्यात मुख्यतः काय होतं? भांडी घासायच्या द्रवासारखा डिटर्जंट, शुद्ध पाणी आणि पेट न घेणारं थोडं तेल.

साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं पाण्यापासून पळतं. त्यामुळे पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो आणि गोळी होऊ पाहणारं पाणी आडवं पसरतं. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करणाऱ्यांना पाण्यात उतरण्याआधी मास्कच्या काचेत थुंकून ती चोळायला सांगतात, ते याच कारणाने. ऐन पावसात वायपर बंद पडला की एसटीचे आणि ट्रकचे जुने ड्रायव्हर समोरच्या काचेवर तंबाखू चोळायचे, त्यामागेही हेच शास्त्र. करोनाकाळात मास्कमुळे चष्मा धुरकटू लागला तेव्हा साबणाच्या पाण्याची युक्ती घरोघरी पोहोचली. ब्रिटिश शल्यविशारदांच्या एका नियतकालिकात ती २०११ मध्येच छापून आली होती.

खात्री करायची असेल तर बाथरूमच्या आरशाच्या अर्ध्या भागावर साबण पुसून घ्या आणि गरम पाण्याचा नळ सोडा. एका अर्ध्यात तुम्ही दिसाल, दुसऱ्यात नाही.

सिंकजवळची पाच मिनिटं

काच हेल्मेटमधून काढता येत असेल तर काढा. कोमट पाणी आणि दोन थेंब साबणाने आतून-बाहेरून धुवा. धूळ असलेली काच कोरडी पुसू नका, चरे पडतात. धुतलेली काच हवेवर वाळू द्या. मग भांड्याच्या लिक्विडचा किंवा बेबी शाम्पूचा एक थेंब बोटावर घेऊन फक्त आतल्या बाजूला सगळीकडे पातळ पसरवा. काच धूसर दिसेल, दिसू दे. एक-दोन मिनिटांनी मऊ, कोरड्या मायक्रोफायबर फडक्याने गोल फिरवत, धूसरपणा पूर्ण जाईपर्यंत पुसा. पाण्याने धुवायचं नाही. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण काचेवर साबणाचा अतिशय पातळ थर राहिलेला असतो आणि तोच काम करतो.

पुसण्यात कसूर करू नका. एप्रिल २००१ मध्ये कॅनडाचे अंतराळवीर ख्रिस हॅडफिल्ड अवकाश स्थानकाबाहेर काम करत असताना काचेला लावलेलं साबण-तेलाचं मिश्रण डोळ्यांत गेलं आणि काही काळ दोन्ही डोळ्यांनी त्यांना काही दिसेना. पाम बीच रोडवर तर काच किंचित वर करताच पावसाचं पाणी आत येतं. तेव्हा जाड थर म्हणजे डोळ्यांत साबण.

हा थर कायमचा नाही. रोज भिजणाऱ्या काचेला दोन-तीन दिवसांनी पुन्हा लावावा लागतो. बाजारात मिळणारे अँटी-फॉग स्प्रेही याच तत्त्वावर चालतात, ते थोडे जास्त टिकतात एवढंच. कंपनीनेच आतून अँटी-फॉग कोटिंग दिलेलं असेल तर मात्र साबण लावू नका, ते कोटिंग खराब होईल.

काय टाळायचं हेही महत्त्वाचं. हेल्मेटची काच खरं तर काच नसते. ती पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असते. पेट्रोल, थिनर, अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव यांनी ती आतून तडकते, ठिसूळ होते. टूथपेस्टने बारीक चरे पडतात आणि रात्री त्या चऱ्यांवर दिवे फाकतात. गाडीचं वॅक्स पॉलिश आतून लावणं ही आणखी एक चूक. वॅक्समुळे पाण्याच्या गोळ्या होतात. बाहेरच्या बाजूला ते बरं, कारण गाडीच्या वेगाने गोळ्या उडून जातात. आतल्या बाजूला नेमकं उलट हवं असतं.

काचेआड दुसरी काच

वाशी खाडीपुलावरून रोज मुंबईत जाणाऱ्यांसाठी एक पक्का उपाय आहे. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, पण त्यावर दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे त्यांची भिस्त आजही वाशी आणि ऐरोलीच्या पुलांवरच. खाडीवर आडोसा नसतो, पाऊस आडवा येतो आणि काच वर करायची सोय राहत नाही. अशांनी पिनलॉक घ्यावी.

पिनलॉक ही मूळची नेदरलँड्सची कल्पना. मुख्य काचेच्या आत दोन पिनांवर एक छोटी, वेगळ्या प्लॅस्टिकची पट्टी बसते. तिच्या कडेने सिलिकॉनची बारीक गादी असते, ती मुख्य काचेला चिकटून मध्ये हवेचा थर अडकवते. बाहेरची काच पावसाने थंड झाली तरी आतली पट्टी तितकी थंड होत नाही. शिवाय ती पट्टी थोडा ओलावा स्वतःत मुरवून घेते. मात्र ती कुठल्याही काचेला बसत नाही. काचेत पिनांची सोय लागते. गादी नीट टेकली नाही तर ओलावा मधल्या फटीत शिरतो आणि तो पुसताही येत नाही. पट्टी काढून वाळवायची आणि पिना फिरवून ताण जुळवायचा. तिला साबण, स्प्रे काही लावायचं नाही, फक्त कोमट पाणी आणि मऊ फडकं.

श्वासाला वाट द्या

इथली बाहेरची हवा दमट असली तरी श्वासाइतकी नसते, म्हणून व्हेंट उघडे ठेवण्याचा फायदा होतोच. पण तो गाडी चालू असताना. मोराज सर्कलच्या सिग्नलला गाडी थांबली की आतली हवाही थांबते आणि दिवा हिरवा होईपर्यंत काच भरून जाते. म्हणजे नेमकं गाडी सुटताना, चारी बाजूंनी वाहनं अंगावर येत असताना दिसेनासं होतं. त्यासाठी वेग कमी होताच काच एक खाच वर करायची आणि गाडी सुटल्यावर पुन्हा खाली.

हेल्मेटच्या आत नाकावर बसणारं छोटं रबरी झाकण, म्हणजे ब्रीद गार्ड, श्वास खाली वळवतं. पावसाळ्यात ते काढून ठेवू नका. उलट हनुवटीखालचा कापडी पडदा पावसाळ्यात काढलेला बरा, तो हवा अडवतो. नाकावरून घट्ट गुंडाळलेल्या स्टोलमधून श्वास वरच्या फटीतून थेट चष्म्यावर आणि काचेवर जातो; स्टोल नाकाखाली घेतला की फरक लगेच कळतो. चष्मेवाल्यांनी साबणाचा थर चष्म्यालाही द्यावा.

ओलं अस्तर हा लपलेला शत्रू आहे. आदल्या दिवशी भिजलेलं, रात्रभर न वाळलेलं अस्तर सकाळी डोक्याच्या उबेने वाफ सोडत राहतं, मग साबण लावा की पिनलॉक. रात्री हेल्मेटमध्ये रद्दी पेपर कोंबून ते पंख्याखाली ठेवावं. अस्तर काढता येणारं असेल तर आठवड्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवावं. आणि न्हाऊन ओल्या केसांवर हेल्मेट चढवू नये.

१ जून २०२१ पासून देशात आयएसआय खुणेचीच हेल्मेट विकता येतात. पण दुकानात आपण रंग बघतो, ग्राफिक्स बघतो, फार तर ती खूण बघतो. यापुढे आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: काच सहज निघते का, पिनलॉकची सोय आहे का आणि व्हेंट हातमोजा घालून उघडता येतो का. आरशासारखी चकाकणारी मर्क्युरी काच कितीही झोकदार दिसली तरी पावसाळ्यासाठी एक साधी पारदर्शक काच घरात हवीच. हेल्मेटसक्तीच्या मोहिमा काढणाऱ्यांनी आणि रस्ता सुरक्षा सप्ताहात हेल्मेट वाटणाऱ्या कंपन्यांनीही पट्टा कसा बांधायचा हे सांगताना काच कशी राखायची हे दोन मिनिटं दाखवावं. दंडाच्या भीतीने डोक्यावर आलेलं हेल्मेट पावसात डोक्यावरच राहायचं असेल, तर त्यातून आधी समोरचा खड्डा दिसला पाहिजे.