किलोचा राजा, लिटरचा रंक

गॅसची टाकी घरात आली की मी आधी तिच्या गळ्याजवळच्या लोखंडी पट्टीवर रंगाने लिहिलेला आकडा वाचतो. तो रिकाम्या टाकीच्या वजनाचा, साधारण पंधरा-सोळा किलोचा असतो. आत गॅस 14.2 किलो. म्हणजे जळणापेक्षा भांडंच जड! टाकी जरा हलवली तर आतला द्रव डुचमळल्याचं हाताला कळतं. हाच गॅस दाब न देता मोकळा साठवायचा म्हटलं, तर गच्चीवरच्या हजार लिटरच्या सहा टाक्याही पुरायच्या नाहीत. तेवढं सगळं 33 लिटरच्या पोटात कोंडायचं, म्हणून ते लोखंड.

या 14.2 किलोत उष्णता किती? वीजबिलाच्या भाषेत सुमारे 180 युनिट. सुक्या लाकडाच्या किलोत सव्वाचार युनिट धरली, तर हिशेबाने चाळीसेक किलो लाकूड एका टाकीच्या बरोबरीचं. पण साध्या चुलीत बरीचशी उष्णता भांड्याला न लागता निसटते, त्यामुळे प्रत्यक्षात मोळ्यांमागून मोळ्या लागतात. त्या मोळ्या कुणाच्या डोक्यावरून येत, ते सांगायला नको.

आता पेट्रोल घ्या. एका लिटरमध्ये जवळजवळ 9 युनिट. दिवसभर पाट्या उचलणारा माणूस आठ तासांत जेमतेम अर्ध्या-पाऊण युनिटाएवढं काम करतो. म्हणजे पाण्याच्या एका बाटलीत मावेल एवढ्या पेट्रोलमध्ये पंधरा दिवसांच्या मजुरीएवढी ऊर्जा! इंजिन त्यातली पाऊण वाया घालवतं असं धरलं तरी तीन-चार दिवसांचं काम उरतंच. पंपावर उभा असताना मला दर वेळी हे आठवतं आणि दर वेळी नवल वाटतं.

डिझेलची गंमत वेगळी. किलोला किलो लावला तर पेट्रोल आणि डिझेल जवळपास सारखेच, बारा-बारा युनिट. पण डिझेल दाट असतं, त्यामुळे एका लिटरमध्ये ते जास्त मावतं आणि लिटरमागे दहा टक्क्यांच्या आसपास ऊर्जा जास्त मिळते. डिझेल गाडी ‘अ‍ॅव्हरेज’ जास्त देते त्यात इंजिनाचा वाटा मोठा आहेच, पण थोडं श्रेय आपण लिटरने मोजतो त्यालाही आहे.

आपल्या साखर कारखान्यांतून निघणाऱ्या इथेनॉलच्या लिटरमध्ये मात्र सहाच युनिट. असं का? याचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत सुंदर वाटतं. जळणं म्हणजे ऑक्सिजनशी जोडलं जाणं. पेट्रोलमध्ये जवळपास नुसता कार्बन आणि हायड्रोजन. ऑक्सिजन ते हवेतून घेतं. एक किलो पेट्रोल जळायला पंधरा किलोच्या आसपास हवा लागते आणि ती आपण टाकीत भरून नेत नाही, वाटेत फुकट मिळते. इथेनॉलच्या वजनातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग मात्र आधीच ऑक्सिजनचा, म्हणजे ते थोडं जळूनच आलेलं! लाकडात तर हा वाटा आणखी मोठा. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळलं की लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते, ती यामुळेच.

मग ज्यात कार्बनही नाही तो हायड्रोजन? किलोला 33 युनिट, पेट्रोलच्या पावणेतीन पट. वजनाच्या काट्यावर त्याच्यापुढे दुसरं कुठलंच जळण उभं राहत नाही. पण हा एक किलो नेहमीच्या दाबाला बारा हजार लिटर जागा खातो. उणे 253 अंशांपर्यंत थंड करून द्रव केला, तरी त्या द्रवाच्या एका लिटरचं वजन भरतं 71 ग्रॅम. लिटरभर द्रव आणि मूठभर शेंगदाण्यांचं वजन! अमेरिकी स्पेस शटलच्या त्या प्रचंड नारिंगी टाकीत 629 टन द्रव ऑक्सिजन होता आणि हायड्रोजन 106 टन. तरी जागा अडवली ती हायड्रोजननेच, ऑक्सिजनच्या पावणेतीन पट. चांद्रयान 3 नेणाऱ्या आपल्या एलव्हीएम 3 मध्येही द्रव हायड्रोजन आहे तो सगळ्यात वरच्या टप्प्यात. तिथे एकेका किलोची किंमत जबर, म्हणून टाकी फुगली तरी चालते. खालचे टप्पे दाट, आटोपशीर इंधनांवर उडतात.

वजन आणि जागा या दोन्ही परीक्षांत चांगले गुण मिळवणारं आणखी एक इंधन आपल्या स्वयंपाकघरात आहे. शेंगदाण्याच्या तेलाच्या किलोत दहा युनिट, डिझेलहून फार कमी नाही. साखरेत त्याच्या निम्म्याहूनही कमी, कारण ऑक्सिजन तिच्यातही भरलेला.

तेलाचा हाच गुण पक्ष्यांच्याही कामी येतो. अमूर ससाणा नावाचा दीडेकशे ग्रॅमचा पक्षी ईशान्य भारतात उतरतो, वाळवी खाऊन अंगावर चरबी चढवतो आणि मग देश ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे निघतो. पाच-सहा दिवस तो न थांबता उडत राहू शकतो. वाटेत लोणावळ्याच्या आसपासही काही पक्षी दिसतात. त्याच्या इवल्या अंगात इंधन असतं ती चरबी, आणि ती जाळायला लागणारा ऑक्सिजन तो वाटेतल्या हवेतून घेत जातो.