गधेगळीचा ठसा

कोकणात रस्त्याकडेला, पिंपळाच्या पारापाशी नाहीतर शेताच्या बांधाला टेकून एखादा कोरीव दगड उभा असतो. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव व स्त्री असली की ती गधेगळ. शिलाहार राजांच्या काळात दानाच्या जमिनीवर अशा शिळा रोवल्या गेल्या. चंद्र-सूर्य असेतोवर दान चालावं. जो मोडेल त्याच्या आईला खालच्या चित्रातली शिवी लागू. अक्षरओळख नसलेल्यालाही ही ताकीद कळत असे. इतकी स्पष्ट पाटी आज आपल्याला करता येत नाही.

अलिबागजवळच्या आक्षीचा शिलाहार राजा केसीदेवाचा लेख याच जातीचा. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याचं नाव घेतात, पण त्यातला शक ९३४ वाचायचा की ११३२, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणजे इसवी सन १०१२ की १२१०? एका आकड्याच्या वाचनावर दोन शतकं हलतात. म्हणून तर लेखाचा कागदावर घेतलेला ठसा नीट हवा.

एका गावात असा ठसा घेताना मी शेजारी बसून पाहिलं. आधी मऊ ब्रश आणि साधं पाणी. शेवाळ निघेपर्यंत घाई नाही. तारेचा ब्रश लावायचाच नाही, त्यानं शेवाळाबरोबर अक्षरंही जातात. मग ओला हातकागद शिळेवर पसरून जाड केसांच्या ब्रशनं ठोकायला सुरुवात झाली. मधून बाहेर, एकसारखं. कागद खाचांत बसत गेला, कुठे हवा राहिली की तिथे पुन्हा ठोकणं. एका कोपऱ्यावर शेंदराचा जाड थर होता. तो लोकांच्या श्रद्धेचा, म्हणून खरवडला नाही. तेवढ्या ओळी ठशात येणार नव्हत्या. कागद अर्धवट सुकल्यावर कापडी पुडीनं शाई टेकवत नेली. कागदाची जमीन काळी होत गेली आणि खाचांतली अक्षरं पांढरी उठली. उघड्या डोळ्यांना नुसता खडबडीत वाटणारा भाग ‘स्वस्ति श्री’ होता. माझ्या अंगावर काटा आला.

भोवती जमलेल्यांचा प्रश्न एकच होता: यात आमच्या गावाबद्दल काय आहे? शेजारच्या पाटीवर फक्त ‘प्राचीन शिलालेख’ एवढंच होतं. कोणी, कोणाला, कोणती जमीन दिली, हे साध्या मराठीत चार ओळींत मावतं. ठसे वाचणाऱ्यांकडून ते लिहून घेऊन शिळेपासून हातभर अंतरावर, तिला खिळा न ठोकता, लावायला हवं.