विश्लेषण : गावात पाणी आले, मग लहान मुलांचा दिवस कसा बदलला? राळेगणसिद्धीची ५० वर्षे

राळेगणसिद्धी म्हटले की उपोषण, लोकपाल आणि २०११ चे रामलीला मैदान आठवते. फार तर पाणलोटाचे बांध आठवतात. पारनेर तालुक्यातल्या या गावात त्याच काळात आणखी एक गोष्ट सुरू झाली होती, तिची चर्चा क्वचितच होते. ती म्हणजे १९७६ मध्ये उभी राहिलेली बालवाडी. गावाचे हायस्कूल १९७९ चे. म्हणजे दहावीच्या आधी गावाने तीन-चार वर्षांच्या पोरांची सोय केली.

आज पाणी घराजवळ आले आहे, शेतात शेततळे आहे, हातात मोबाइल आहे. तरीही आई-वडील शेतात गेले की लहानग्याकडे कोण बघणार, हा प्रश्न राज्यातल्या बहुतेक गावांत कायम आहे. पाणी, दारू, बालवाडी आणि मुलांची सुरक्षितता या गोष्टी एकमेकांत कशा गुंतल्या आहेत, हे राळेगणच्या उदाहरणातून नीट कळते.

हंड्याचा हिशेब काय सांगतो?

राळेगण पर्जन्यछायेत येते. पाऊस वर्षाला साधारण ४५० ते ६५० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. १९७५ पूर्वी गावातली जेमतेम ६० ते ७० एकर जमीन ओलिताखाली होती. बाकी सगळे आभाळाकडे बघून. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठायच्या आणि पाणी आणणे हे बायकांचे काम असायचे.

त्याचा लहान मुलांशी संबंध काय, हे साध्या गणिताने बघता येते. जलजीवन मिशनचा आजचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. सहा माणसांच्या घराला ३३० लिटर लागतात. एका हंड्यात १५ लिटर धरले तर २२ हंडे. डोक्यावर एक आणि कमरेवर एक असे दोन हंडे आणले तरी ११ खेपा. एका खेपेला २० मिनिटे लागत असतील, तर साडेतीन तासांहून जास्त वेळ फक्त पाण्यात जातो. प्रत्यक्षात एवढे पाणी कोणी आणत नाही. ज्या घरात पाणी डोक्यावरून येते, तिथे आधी कपात होते ती हात धुण्यात आणि पोरांच्या अंघोळीत. त्यातूनच जुलाब, खरूज, डोळे येणे हे सगळे घरात शिरते.

आणि त्या साडेतीन तासांत कडेवर हंडा असतो, तेव्हा कडेवरचे मूल कुठे असते? बहुतेक वेळा थोरल्या बहिणीच्या कडेवर. ती बहीण सात-आठ वर्षांची असली तर तिची शाळा सुटते. १९७१ मध्ये राळेगणची लोकसंख्या १,२०९ होती आणि साक्षर महिला होत्या फक्त ७२. साक्षर पुरुष २९०. मुलांना पुढच्या शिक्षणासाठी शिरूर किंवा पारनेरला पाठवत, मुलींचे शिक्षण गावातल्या प्राथमिक शाळेपाशीच थांबायचे. या आकड्यामागे पाणी हे एकमेव कारण नव्हते, पण त्याचा वाटा मोठा होता.

पाणी मुरले कसे?

हा भाग अनेकदा सांगून झाला आहे, त्यामुळे थोडक्यात. सैन्यातून निवृत्त झालेले किसन बाबूराव ऊर्फ अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतले. यादवबाबा मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनी स्वतःच्या पैशांतून सुरू केला आणि गाव हळूहळू श्रमदानाला लागले. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला होता, त्यातून धडे घेतले गेले. गळका पाझर तलाव श्रमदानाने दुरुस्त झाला, तेव्हा खालच्या अंगाच्या सात विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिले.

एक हेक्टर रानावर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर ५० लाख लिटर पाणी पडते. प्रश्न ते अडवण्याचा असतो. खाली बेसॉल्टचा खडक, वर मुरमाचा थर. सलग समतल चर, नालाबांध, पाझर तलाव यांनी पाण्याचा वेग कमी केला की ते या मुरमात मुरते आणि विहिरीत उतरते. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीने माती जागेवर राहिली. उसासारखे तहानलेले पीक गावाने टाळले. तो निर्णय नसता तर अडवलेले पाणी दोन-चार बागायतदारांच्या रानातच संपले असते, आणि पाणलोटाची कामे करूनही कोरड्या राहिलेल्या गावांचे खरे दुखणे बहुतेकदा हेच असते.

दारू बंद झाल्याने घरात काय फरक पडला?

पाण्याआधी गावाची ओळख होती ती हातभट्टीसाठी. शेती पिकत नाही म्हणून भट्टी, भट्टी आहे म्हणून पिणे, आणि पिणे आहे म्हणून घरात पैसा नाही, असे ते चक्र होते. ३० हून अधिक भट्ट्या बंद झाल्या. पुढे विडी, सिगारेट, तंबाखूची विक्रीही थांबली. तरुणांनी दुकानांतला माल गोळा करून होळीत जाळला होता.

लहान मुलांच्या दृष्टीने दारूबंदीचे महत्त्व पाण्याइतकेच आहे. पिणाऱ्या बापाच्या घरात दुधाचे पैसे आधी जातात, मारहाण मुलांसमोर होते आणि संध्याकाळ म्हणजे भीतीची वेळ ठरते. दिवसभर मूल आईच्या अंगाला चिकटून राहते, त्याचे कारण अनेकदा आदल्या रात्रीत असते.

मात्र ही बंदी कशी झाली, हेही सांगायला हवे. पुन्हा पुन्हा दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचे प्रकार झाले, आणि हजारे यांनी ते नाकारले नाही. आजारी मुलाला आई कडू औषध देते, तसे हे आहे, अशा अर्थाचे समर्थन त्यांनी केले होते. मुकुल शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी या सक्तीवर आणि गावातल्या एकाच व्यक्तीच्या अधिकारावर गंभीर आक्षेप घेतले आहेत. आक्षेप रास्त आहे. ज्या मुलाला मारहाणीपासून वाचवायचे, त्याच्याच बापाला चारचौघांत मार बसलेला त्याने पाहणे, यात औषध कमी आणि दुखापत जास्त. आज कायद्यात दुसरे मार्ग आहेत. महिलांच्या मतदानातून ‘आडवी बाटली’ करून दुकान बंद करता येते, आणि बेकायदा दारू रोखण्यासाठी ग्रामरक्षक दलाची तरतूदही राज्यात झाली आहे.

बालवाडी आधी का?

बालवाडीची कल्पना मराठी मुलखाला नवी नव्हती. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा विचार. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्याच परंपरेतला. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि तो शब्द देशभर पोहोचला. राळेगणची बालवाडी त्याच्या पुढच्याच वर्षातली.

श्रमदानाला आणि शेताला माणसे हवी असतील तर पोरे कुठेतरी बसवावी लागतात, हे गावाला उमगले असावे. बालवाडीमुळे दोन जणींना मोकळीक मिळते. एक आई आणि दुसरी ती थोरली बहीण.

पण अंगणवाडीच्या आजच्या रचनेत एक भोक आहे. शाळापूर्व शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, तेही दिवसातले काही तास. शेतातली खुरपणी मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालते. तीन वर्षांखालच्या मुलांना घरी नेण्याचा आहार मिळतो, दिवसभराचा सांभाळ मिळत नाही. नुकतेच चालायला लागलेले, कशालाच न घाबरणारे मूल या भोकातून बरोबर खाली पडते.

शेततळे : पाण्याने आणलेला नवा धोका

राज्यात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि नगर-पुणे पट्ट्यात कांदा, डाळिंब, फळबागांच्या कडेला निळे-काळे चौकोन दिसू लागले. दुष्काळी भागाला ते वरदानच. पण बनावट पाहा. साधारण तीन मीटर खोली, चारही बाजूंना उतार, वर प्लास्टिकचे अस्तर. ओले झाल्यावर, त्यावर शेवाळ धरल्यावर हे अस्तर साबणासारखे निसरडे होते. विहिरीला पायऱ्या असतात, दगडाच्या खाचा असतात. शेततळ्यात हाताला काहीच लागत नाही. पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. तीन वर्षांच्या मुलाची उंची जेमतेम ९५ सेंटिमीटर असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे ३ लाख लोक बुडून मरतात आणि त्यातली जवळपास एक चतुर्थांश मुले पाच वर्षांखालची असतात. एक ते चार हे वय सर्वांत धोक्याचे. सिनेमात दाखवतात तसे हातपाय मारणे, ओरडणे लहान मुलाच्या बाबतीत होत नाही. दोन-तीन मिनिटांत, आवाज न करता सगळे संपते. त्यासाठी शेततळेच हवे असेही नाही; अंगणातला भरलेला टब किंवा जनावरांचा हौदही पुरतो.

संघटनेने सुचवलेल्या उपायांत दोन गोष्टी आपल्या गावांना थेट लागू पडतात. पहिली, पाण्याभोवती कुंपण. दुसरी, शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी पाण्यापासून दूर असलेला सांभाळाचा ठिकाणा. म्हणजे बालवाडी हीच बुडण्यावरची उपाययोजना आहे!

शेततळ्याला तारेचे किंवा जाळीचे कुंपण आणि कडी लागणारे फाटक हवे. चारही बाजूंना खुंटीला बांधून पाण्यात सोडलेले, गाठी मारलेले दोर हवेत. ट्रॅक्टरची हवा भरलेली जुनी ट्यूब काठावर कायम असावी. लाखांत खर्च झालेल्या शेततळ्यापुढे हा खर्च किरकोळ आहे, तरी बहुतेक ठिकाणी तो केलेला नसतो.

बुडालेल्या मुलाला बाहेर काढल्यावर उलटे टांगून गरगर फिरवणे किंवा पोट दाबणे ही जुनी सवय घातक आहे. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी फुप्फुसात जाऊ शकते. मूल श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीवर दाब, आणि तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. बुडण्यात हृदय थांबते ते प्राणवायू न मिळाल्याने, म्हणून श्वास आधी. मूल शुद्धीवर आले तरी दवाखान्यात नेणे आवश्यक आहे.

अंगण, बिबट्या आणि मोबाइल

बाहेर खेळायला पाठवायचे तर पारनेर, शिरूर, जुन्नर, संगमनेर या टापूत बिबट्याची भीती आहे. ती खोटी नाही. उसाच्या फडात तो राहतो, कुत्र्या-शेळ्यांवर जगतो, आणि बसलेले किंवा वाकलेले लहान मूल त्याला सावजाएवढे दिसते. म्हणून अंधार पडण्याआधी मुले घरात, शौचाला सोबत मोठे माणूस, दाराशी उजेड, अंगणात झोपायचे नाही. बिबट्या दिसला तर वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. दिवसा मात्र त्या भीतीने मुलांना कोंडून ठेवण्याचे कारण नाही.

कोंडलेल्या मुलाच्या हातात हमखास मोबाइल येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी असेल तितके चांगले. एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी. (हा मजकूरही मोबाइलवरच वाचला जातो आहे, आणि शेजारी कोणीतरी ‘मला दे’ म्हणत असण्याची शक्यता आहे.) १८० मिनिटे ऐकायला जास्त वाटतात. गोठ्यातल्या वासरामागे पळणे, मातीत घर करणे, आजीबरोबर शेंगा तोडायला जाणे हे सगळे त्यात मोजले जाते. गावाकडच्या मुलाला यासाठी वेगळा क्लास लागत नाही, सोबत कोणीतरी लागते.

सांभाळाची सोय कुठे मागायची?

केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ही सोय असून देशभरात १७ हजार अंगणवाडी-पाळणाघरांचे उद्दिष्ट ठेवले होते. देशातल्या अंगणवाड्या जवळपास १४ लाख आहेत, त्यामुळे आपल्या गावाचा नंबर आपोआप लागेल ही अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. मनरेगाच्या नियमांत कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आली तर एका महिला मजुराला त्यांच्या सांभाळासाठी नेमून तिला पूर्ण मजुरी देण्याची तरतूद होती. या तरतुदीची मागणी मात्र फारशी कोणी केली नाही.

हाताशी असलेला पैसा ग्रामपंचायतीचाच. राज्यात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा १० टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. तो अनेकदा खुर्च्या आणि साहित्य खरेदीत जातो. अंगणवाडीची वेळ खुरपणी-काढणीच्या हंगामात वाढवणे, मदतनीस म्हणून गावातल्याच एका बाईला मानधन देणे, सार्वजनिक तळ्याला जाळी लावणे हे प्रस्ताव याच निधीतून ग्रामसभेत मांडता येतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे. विषयपत्रिकेत हा मुद्दा तिथूनच गेला तर तो नोंदला जातो, आणि नोंदला गेल्यावर पुढच्या सभेत त्याचे काय झाले, हे विचारता येते.