बिऱ्हाड कुठे हलवावे?

गाव सोडावे की नाही, हा प्रश्न आपल्या समाजात आता फारसा वादाचा उरलेला नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या दलित वर्ग परिषदेने अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी केली, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याविषयीचा सारा भाबडा गौरव झिडकारला. गाव सोडा, हे आपण ऐकले. पण सोडून कुठे जावे, बायकामुलांसह कोणत्या आळीत बिऱ्हाड थाटावे, याचा विचार मात्र ज्याने त्याने एकट्यानेच, भांडीकुंडी बांधता बांधता केला.

इतर माणसे नोकरी, शाळा, दवाखाना, पाणी पाहून गाव निवडतात. आपल्याला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तिथे भाड्याच्या घराचे दार आडनाव विचारून उघडते की न विचारता? मी शिक्षक म्हणून तालुक्याच्या गावी रुजू झालो तेव्हा एका निवृत्त गृहस्थांनी खोली दाखवली, भाडे ठरले, आगाऊ रक्कमही घेतली. निघताना सहज म्हणून आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जावयाचे बिऱ्हाड अचानक येणार असल्याचे कळले. पैसे परत मिळाले, अगदी पै न् पै. महानगरात असे होत नाही, ही आपल्या शिकलेल्या मंडळींची समजूतही खरी नव्हे. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली व भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना तिथेही जातिधर्म पाहून नकार मिळत होता.

मग आपल्याच वस्तीत राहावे काय? पहिले वर्षभर तरी राहावे, असे माझे मत आहे. आजारपणात, पोलीस ठाण्यात, मुलाच्या प्रवेशात शेजार उपयोगी पडतो. तिथेच कायमचे रुतून बसावे असे मात्र मी म्हणणार नाही. त्या शहरात दोनदा जाऊन यावे. एकदा बाजाराच्या दिवशी, एकदा १४ एप्रिलला. मिरवणूक कोणत्या चौकातून जाते आणि कोणत्या चौकात तिला वळवले जाते, एवढे पाहिले तरी त्या गावाची ओळख पटते. वस्तीतला नळ किती वाजता येतो हे पुरुषांना विचारू नये, बायकांना विचारावे.

आता कागदांविषयी, कारण इथेच आपले लोक फसतात. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० या दिवशी आपले कुटुंब कुठे राहत होते, हे पाहिले जाते. म्हणून आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदीची प्रमाणित नक्कल गाव सोडण्यापूर्वीच काढून ठेवावी. पुढे मुलाच्या जातपडताळणीच्या वेळी त्याच गावाच्या तहसीलला खेटे घालण्यात एक वर्ष जाते आणि प्रवेश हुकतो.

परराज्यात जाणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे. आंध्रातून मुंबईत आलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा ज्या त्या राज्यापुरता असतो. म्हणजे सुरतेला किंवा हैदराबादला गेलेल्या आपल्या माणसाला त्या राज्याच्या जागांवर हक्क सांगता येत नाही. केंद्राच्या सवलती राहतात, मूळ राज्यातल्याही राहतात. जात तिथे सोबत येते, सवलत तेवढी मागे राहते! हा विनोद न्यायालयाचा नाही, आपल्या समाजरचनेचा आहे.

आणि जमीन. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या डिसेंबरात भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला आणि हजारो लोक तुरुंगात गेले. गायरानावरची १४ एप्रिल १९९० पूर्वीची आपली अतिक्रमणे अटींवर नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. पण असा तुकडा टिकतो तो कसणाऱ्याच्या ताब्यावर. सारे घर एकदम उठून गेले की दोन पावसाळ्यांत शेजाऱ्याचा बांध आत सरकतो, आणि पीकपाहणीत आपले नाव दिसेनासे होते. आमच्या घरात म्हणूनच दादा मागे राहिले. त्यांच्या दोन्ही मुली माझ्याकडे शिकतात. पेरणीला मी रजा काढून जातो.