‘ब’ आणि ‘व’च्या घोळात शब्दयादी

हस्ताक्षर ओळखणारे सॉफ्टवेअर एका अक्षरावर ठाम क्वचितच असते. प्रत्येक आकारासाठी ते दोन-चार पर्याय काढते, त्यांना गुण देते. निवड करताना शब्दयादीचा आधार घेते. पुण्यातील ‘बिबवेवाडी’ हे नाव त्याची चांगलीच परीक्षा पाहते. त्यात ‘ब’ दोनदा, ‘व’ही दोनदा, आणि या दोघांत फरक काय, तर पोटातली एक तिरकी रेघ. घाईत ती राहून गेली की ‘विववेवाडी’लाही तेवढेच गुण मिळतात. यादीत खरे नाव असेल, तर पारडे तिकडे झुकते.

सर्वसाधारण कोशात अशी नावे सहसा नसतात. ती वापरणाऱ्यानेच भरायची. मराठीत मात्र नुसते मूळ नाव भरून भागत नाही. ‘कोंढवा’ भरले तरी ‘कोंढव्यात’, ‘कोंढव्याहून’ अडतात. ही रूपे वेगळी द्यावी लागतात, नाहीतर सामान्यरूपाचे नियम तरी.

यादी आटोपशीर असली की काम सोपे होते. अमेरिकेच्या टपाल खात्यात १९९०च्या दशकात हस्तलिखित पत्ते वाचणारी यंत्रणा आली. ती आधी झिप कोड वाचून संभाव्य रस्त्यांची यादी छोटी करी. भारतात पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून. ४११०३७ हा आकडा नीट वाचता आला, तर बिबवेवाडीच्या पत्त्याचे निम्मे काम तिथेच होते.

यादीतल्या शब्दांना फाजील वजन दिले, तर स्वच्छ लिहिलेले अनोळखी आडनावही ओळखीच्या शब्दात कोंबले जाते. ते टाळण्यासाठी अक्षराचे गुण भक्कम असताना यादीला मागे सारण्याची सोय ठेवावी लागते.