लॅपटॉपमधली विंडोज बदलायचीय? आधी मशीनबरोबर काय आलंय ते बघा

घोडेगाव (ता. नेवासा), वार्ताहर :

घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायचा म्हटलं की आपण आधी दात बघतो, खूर बघतो, दहा पावलं चालवून बघतो. बोली त्यानंतर. पण चाळीस हजारांचा लॅपटॉप दुकानात देताना मात्र "टाका तुम्हाला बरी वाटेल ती विंडोज" म्हणून मोकळे होतो. मी पण हेच केलं होतं, म्हणून हे लिहितोय.

२०२१ साली शाळा ऑनलाइन होत्या तेव्हा मुलीसाठी लॅपटॉप घेतला. त्यात कंपनीकडूनच 'विंडोज १० होम सिंगल लँग्वेज' आलेली होती. दोन वर्षांनी मशीन रेंगाळायला लागलं. दुकानदार म्हणाला, "होम हलकी असते, प्रो टाकून देतो, पळायला लागेल." सहाशे रुपये दिले. संध्याकाळी घरी आणून बघतो तर सगळं कोरं. कांदापट्ट्यांचे फोटो, ठिबकचं बिल, मुलीचा शाळेचा प्रकल्प गेला. आमच्या आईचे शेवटच्या दिवाळीतले फोटोही त्यातच होते. महिनाभराने कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी पाटी आली. परत गेलो तर पुन्हा पैसे मागितले.

शेवटी पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याला फोन लावला. तो सुट्टीला आला तेव्हा त्याने पेनड्राइव्हवरून पुन्हा होम टाकली. कुठला नंबर टाकला नाही, एक रुपया भरला नाही. इंटरनेट जोडल्यावर विंडोज आपोआप चालू झाली. "मामा, तुम्ही पैसे भरलेलीच विंडोज काढून चोरीची टाकून घेतली होती," तो म्हणाला. कांदापट्ट्या आडतदाराकडून पुन्हा मिळाल्या. फोटो मिळाले नाहीत.

आकडा वेगळा, प्रकार वेगळा

विंडोज बदलणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. सात, आठ, दहा, अकरा हे आकडे म्हणजे व्हर्जन. होम, होम सिंगल लँग्वेज, प्रो हे प्रकार म्हणजे एडिशन. कांद्याचं बियाणं गावरान की संकरित हा एक प्रश्न आणि लागवड खरिपाची की रब्बीची हा दुसरा, तसंच हे.

आपल्याकडच्या कमी किमतीच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा होम सिंगल लँग्वेज असते. नाव ऐकून वाटतं की यात मराठी चालणार नाही. तसं नाही. पडद्यावरचे मेनू एकाच भाषेत दिसतात, एवढाच त्याचा अर्थ. मराठी टाइप करायला कसलीही अडचण नाही. सेटिंगमध्ये मराठी कीबोर्ड जोडला की झालं. २०१९ पासून विंडोज १० मध्ये इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्डही आलाय.

आणि प्रो म्हणजे जास्त पळणारी विंडोज नव्हे. तिच्यात लांबून आपलं मशीन चालवण्याची सोय, मोठ्या ऑफिसच्या नेटवर्कला जोडण्याची सोय, कुलूपबंदीची जास्त नियंत्रणं, असं काही जादा असतं. घरच्या वापराला किंवा दूध संकलनाच्या हिशोबाला त्याचा उपयोग क्वचितच. मशीन मंद असेल तर बहुतेक वेळा आतली जुनी फिरती हार्ड डिस्क हे कारण असतं. ती काढून एसएसडी बसवली तर आहे त्याच विंडोजमध्ये फरक कळतो.

चावी मशीनच्या पोटात असते

विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या पाठीवर २५ अक्षरांच्या नंबराचा स्टिकर असायचा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, कंपन्या ही चावी मदरबोर्डवरच्या चिपमध्ये भरून देतात. डिस्क पुसा, नवी डिस्क बसवा, चावी जात नाही. विंडोज टाकताना सेटअप ती चावी वाचतो आणि होमची असेल तर न विचारता होमच टाकतो. त्यामुळे "तुमची विंडोज करप्ट झाली, नवी विकत घ्यावी लागेल" असं कोणी म्हणालं तर जरा थांबा. विंडोज बिघडली तरी तुमचा हक्क शाबूत असतो.

एक अपवाद लक्षात ठेवा. ही चावी त्या मशीनपुरतीच असते. मदरबोर्ड बदलला तर ती जुन्या बोर्डाबरोबर जाते. दुसऱ्या मशीनला ती लावता येत नाही.

दहावरून अकरावर

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं बंद केलं. मशीन त्या दिवशी बंद पडलं नाही, चालतंच. पण नवीन भोक पडलं तर ते बुजवायला कोणी येणार नाही. बँकेचे व्यवहार आणि आधारची कागदपत्रं त्याच मशीनवर असतील तर हे अंगावर येऊ शकतं.

मशीन बसत असेल तर दहावरून अकरा फुकट मिळते. होमची होम आणि प्रोची प्रो राहते, फायली जागेवर राहतात. पण अकराच्या अटी आहेत : ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूटची सोय, 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा चिप आणि यादीतला प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे ढोबळमानाने २०१८ नंतरचा लॅपटॉप. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे फुकटचं ॲप टाकलं की मशीन बसतं की नाही ते लगेच कळतं.

बसत नसेल तर? "आडमार्गाने टाकून देतो" म्हणणारे भेटतील. टाकता येतेही, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टनेच दहासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे जादा सुरक्षा अपडेट जाहीर केलेत. दहाची २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन हवं. सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. 'विंडोज अपडेट'च्या पानावरच नोंदणीची लिंक दिसते.

अकरावरून मागे

अकरा टाकली आणि पटली नाही, प्रिंटर बोलेना, तर 'सेटिंग – सिस्टीम – रिकव्हरी'मध्ये 'गो बॅक' असं बटण असतं. त्याची मुदत फक्त १० दिवसांची. या दहा दिवसांत 'जागा मोकळी करू' म्हणून जुन्या विंडोजच्या फायली पुसल्या तर तीही वाट बंद. मुदत संपली की डिस्क कोरी करूनच दहा टाकावी लागते. मशीन मुळात अकरासहच आलं असेल तर खाली यायचा हक्क प्रोवाल्याला असतो, होमवाल्याला नसतो.

होमवरून प्रोवर जायचं तर खरी चावी विकत घ्या, फायली तशाच राहतात. प्रोवरून होमवर यायला मात्र सरळ रस्ता नाही, सगळं पुसूनच यावं लागतं. जाताना डांबरी, येताना पाणंद.

काही स्वस्त लॅपटॉपमध्ये 'एस मोड' असतो. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप चालतात, बाहेरून आणलेलं सॉफ्टवेअर बसत नाही. मशीन खराब आहे असं समजून लोक दुकान गाठतात. यातून स्टोअरमधूनच फुकट बाहेर पडता येतं, पण एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत जाता येत नाही.

आणि 'डॉस'वाला लॅपटॉप दोन-चार हजारांनी स्वस्त मिळतो तो उगाच नव्हे. त्यात विंडोजचे पैसे भरलेलेच नसतात. दुकानदार 'फ्री'मध्ये विंडोज टाकून देतो ती बहुतेक वेळा चोरीचीच. विंडोजवाचून काम भागत असेल तर उबुंटू, मिंट किंवा सी-डॅकची बॉस या फुकट आणि कायदेशीर प्रणाली आहेत. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवरच चालतात.

सेवा केंद्रवाल्यांनी जास्त सांभाळायचं

दाखले, पीकविमा, आधारची कामं ज्या मशीनवर चालतात तिथं घाई नको. अकरा ही फक्त ६४ बिटमध्ये येते. तुमचं जुनं मशीन ३२ बिट विंडोजवर असेल तर डिस्क कोरी करावीच लागेल आणि जुन्या प्रिंटरचा, बोटाच्या ठशाच्या मशीनचा ३२ बिट ड्रायव्हर चालणार नाही. आधी त्या कंपनीच्या साइटवर नवा ड्रायव्हर आहे का ते बघा.

दुसरं, ग्रामपंचायत आणि सोसायट्यांचे जुने दाखले जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. विंडोज नव्याने टाकली की ते फॉन्ट जातात आणि फाइल उघडल्यावर किडेमकोडे दिसतात. फायलींबरोबर फॉन्टही काढून ठेवा.

तिसरं, चोरीचं सॉफ्टवेअर माहीत असून वापरणं हा कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब खाली गुन्हा आहे. शिक्षा सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत आणि दंड ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत.

दुकानात मशीन देण्याआधी

१. 'सेटिंग – सिस्टीम – अबाउट'मध्ये व्हर्जन आणि एडिशन लिहिलेली असते. तिचा मोबाइलमध्ये फोटो काढा.

२. 'ॲक्टिव्हेशन'चं पान उघडा. दहामध्ये ते 'अपडेट अँड सिक्युरिटी'त आहे, अकरामध्ये 'सिस्टीम'मध्ये. तिथं 'डिजिटल लायसन्स' असं दिसलं की त्याचाही फोटो.

३. सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. 'डी ड्राइव्हला हात लावत नाही' या शब्दावर जाऊ नका. ती त्याच डिस्कची दुसरी खोली आहे, घर पाडलं की तीही जाते.

४. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला आपोआप कुलूप लागलेलं असू शकतं. दुकानात सेटिंग इकडचं तिकडं झालं की मशीन ४८ आकडी रिकव्हरी चावी मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. आधीच कागदावर उतरवून घ्या आणि खात्याचा पासवर्ड आठवतोय का ते बघा. पोराने सुरुवातीला कुठल्या ईमेलने खातं उघडलं हेच बऱ्याच घरात माहीत नसतं.

५. दुकानदाराला स्पष्ट सांगा : "मशीनबरोबर आलीय तीच एडिशन टाका." आणि पावतीवर तसं लिहून घ्या.

या पाच गोष्टींना अर्धा तास लागतो. त्या दिवशी मी तेवढा थांबलो असतो तर आईचे फोटो आज घरात असते.